पाठ मिटते तेव्हा

हा धडा मी इतकी वर्षं शिकवत आलेय की आता माझं तोंड तो आपोआप बोलतं आणि मन संध्याकाळच्या भाजीचा विचार करत असतं. परभणीतल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. निवृत्ती जवळ आलीय. गुडघे दुखतात, तास संपता संपता घसा बसतो, आणि समोरची पोरं बाकाखाली मोबाईल धरून बसतात. त्यांना वाटतं मॅडमला दिसत नाही. दिसतं रे बाबांनो, सगळं दिसतं, पण रोज कोण ओरडणार?

धडा आहे गर्भात मज्जासंस्था कशी घडते त्याचा. गर्भ तिळाएवढा असतो तेव्हा त्याच्या पाठीवर पेशींची एक सपाट पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, मधे खोलगट होतं, मग कडा एकमेकींकडे झुकतात आणि चिकटतात. आपण करंजी मिटतो तसं. झाली नळी. वरच्या टोकाचा पुढं मेंदू होतो, बाकीच्याचा मज्जारज्जू. तिला मिटायला सांगतं कोण, तर जनुकं. पोरं इथं मान डोलावतात, कारण जनुकं म्हणलं की त्यांना सगळं समजल्यासारखं वाटतं. मग मी विचारते, प्रत्येक पेशीत जनुकांचा संच सारखाच असतो ना? मग एक पेशी हात हलवणारी का होते आणि दुसरी चटका कळवणारी का होते? पोरं वहीत खाली बघायला लागतात.

तेव्हा मी लग्नघरातल्या चुलीचं सांगते. जमलेल्या सगळ्या बायांना सगळा स्वयंपाक येतो. पण चुलीला खेटून बसलेली भाकरी टाकते, तिच्या मागची पीठ मळते आणि पार दारात बसलेली लसूण सोलते. कुणाला किती धग लागते त्यावर कामं वाटली जातात. तसंच या नळीच्या खालच्या अंगानं एक रसायन पाझरतं आणि वरच्या अंगानं दुसरं. कुठल्या पेशीपर्यंत कुठलं किती पोचतं त्यावर तिच्यातली कुठली जनुकं जागी व्हायची आणि कुठली निजून राहायची ते ठरतं. मग त्या पेशी आपापल्या ठिकाणी चालत जातात, लांबलांब हात काढून एकमेकींना गाठतात. एवढं सांगून मी दम घ्यायला थांबले की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?"

येतं बाबा. सगळीकडं येतं.

माझ्या सुनेचं पहिलं बाळ गेलं ते यातच. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी केली तेव्हा कळलं की त्याची पाठ खालच्या बाजूला मिटलीच नव्हती. मणका उघडा होता आणि डोक्यात पाणी भरलेलं. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून माझ्या मुलाला समजावलं. मी ती आकृती फळ्यावर इतक्यांदा काढलीय की डोळे मिटून काढीन, पण त्या दिवशी मला तिच्याकडं बघवेना. पुढं न्यायचं नाही असं ठरलं. आम्ही ठरवलं आणि हाल तिचे झाले.

त्यानंतर लोकांची तोंडं सुटली. सून पालमची. तिसरा महिना लागायच्या आत ती मावसबहिणीच्या लग्नाला एसटीनं माहेरी गेली होती. झालं! एसटीच्या धक्क्यानं झालं, खड्ड्यानं झालं, मागच्या सीटवर बसली म्हणून झालं. विचारपूस करायला आलेल्या बायासुद्धा डॉक्टर झाल्या. मी घसा फोडून सांगितलं की अगं बायांनो, मणका खड्ड्यानं उघडत नाही, हे लय आधी घडून गेलेलं असतं. ऐकतंय कोण! सुनेनं एसटीनं जायचं सोडलं. आईला भेटायचं तर आईनं परभणीला यायचं, हा नवा कायदा. ती मला आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात, आणि तशी माझ्याशी मोकळी आहे. पण या बाबतीत तिनं तोंडातून एक शब्द काढला नाही. आतल्या आत तिनं सगळा दोष स्वतःच्या पदरात बांधून घेतला होता हे मला दिसत होतं, आणि तो सोडवायचा कसा ते मला येत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या वेळेसाठी एक गोळी लिहून दिली. फॉलिक अॅसिडची, नेहमीपेक्षा जास्त ताकदीची. दिवस राहायच्या आधीपासून रोज एक, आणि दिवस राहिल्यावरही तीन महिने. या गोळीनं पाठ मिटायला मदत होते. खात्री कुणी देत नाही, पण धोका बराच कमी होतो. घरी आल्यावर मी सुनेला परत एकदा समजावलं. ती रोज सकाळी चहाच्या आधी गोळी घ्यायची. कॅलेंडरच्या खिळ्याला पिशवी टांगलेली असायची, मी येता-जाता बघायची. कितीतरी महिने तिनं एक दिवस चुकवला नाही. मी मनातून निश्चिंत झाले.

आता आमच्याकडची रीत सांगते. दिवस गेले की तीन महिने कुणाला सांगत नाहीत. नजर लागते म्हणतात. नवऱ्याला माहीत असतं, आईला माहीत असतं, बस. सासूला अंदाज आला तरी तिनं विचारायचं नसतं, तिनं आपलं डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचं. आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देव्हारा सोडला, उपासतापास सोडले, अंगारे-धुपारे सोडले. ही नजर मात्र घरातच राहिली. मला अंदाज आला नव्हता असं नाही. फोडणी घातली की सून गॅलरीत जाऊन उभी राहायची. गोळ्यांची पिशवीही खिळ्यावरून गेली होती. मला वाटलं, आता लपवून घेत असेल, कळू नये म्हणून. आणि मी प्राणिशास्त्राची एवढी शहाणी बाई, रीत पाळत गप्प बसले.

तीन महिने सरले तशी तिची आई पालमहून पेढे घेऊन आली. बाई कामसू, घरची कोरडवाहू शेती एकटीनं ओढणारी, मनानं लय चांगली. मला मिठीच मारली तिनं. माझेही डोळे भरून आले. मुलगा उगाच टीव्हीचे चॅनल बदलत बसला होता. आम्ही दोघी स्वयंपाकघरात पुरणाचं बघत होतो, तेव्हा ती मोठ्या कौतुकानं म्हणाली, "या वक्ताला म्या लय जपलं बघा, इहिणबाई. पाळी चुकल्याचा पोरीचा फोन आला की म्या पहिलं काय सांगितलं, तर त्या समद्या गोळ्या बंद कर. लय गरम पडतात त्या. कवळ्या जिवाला सोसायच्या न्हाईत."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. "कधी बंद केल्या?"

"त्याच दिशी की. पोरगी माझी ऐकण्यातली हाय."

पाळी चुकली की बंद केल्या. म्हणजे नेमक्या त्या दिवसांत, पट्टीच्या कडा उचलायला लागतात आणि जवळ येतात त्या दिवसांत. पाळी चुकून पंधरवडा होतो न होतो तोवर ती नळी मिटून मोकळी होते, नाहीतर उघडी राहते. बाईला नीट उलट्यासुद्धा सुरू झालेल्या नसतात. मी गॅस बारीक केला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. कप्पाळ माझं! महिनोन् महिने गोळी घेतली आणि ऐन वेळी बंद. गरम म्हणे! बाजरी गरम, पपई गरम, गूळ गरम, आणि आता गोळीही गरम. मला त्या बाईचा असा राग आला, की बाहेर जाऊन सगळे पेढे फेकून द्यावेत. आणि पोराचाही आला. घोड्याला दिवस गेल्याचं पहिल्यापासून माहीत होतं, एका घरात राहून त्यानं मला सांगू नये?

संध्याकाळी मी विहिणीला सोडायला बसस्टँडवर गेले. गाडी लागायची होती. मी ठरवलं होतं की बोलायचं नाही, पण माझं तोंड ते माझं तोंड. म्हणाले, "बाई, ती गोळी त्याच दिवसांसाठी होती. पाठ त्याच दिवसांत मिटते."

तिला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. हातातली पिशवी तिनं बाकड्यावर ठेवली. "मंग आता चालू केल्या तर?"

"चालू करूच. पण तेवढ्यापुरतं जे व्हायचं ते होऊन गेलंय. मिटली असंल तर मिटली, नसंल तर नाही."

"म्या माझ्या हातानं लेकीचं वाटोळं केलं काय वो?"

दुपारभर मी हेच मनात घोळवत होते, अगदी याच शब्दांत, आणि तिनं ते स्वतःच विचारलं तेव्हा मला तिची दया आली. तिच्या आईनं तिला जे सांगितलं तेच तिनं लेकीला सांगितलं. मी म्हणाले, "नाही हो. आणि तिला यातलं काही बोलू नका. आधीच एकाचं ओझं घेऊन बसलीय." तिनं पदरानं तोंड पुसलं, मान हलवली आणि गाडीत चढली. खिडकीतून हातसुद्धा केला नाही.

दुसऱ्याच दिवशी मी सुनेला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी सोनोग्राफीवर बघितलं आणि गोळ्या परत सुरू केल्या. सून बाहेर गेल्यावर मी त्यांना खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, इतके महिने घेतलेली गोळी अंगात थोडीफार साठलेली असते, अगदीच न घेतल्यासारखं नसतं ते. डोकं चांगलं दिसतंय. पण पाठीचं नक्की पाचव्या महिन्यात सांगीन, तोवर धीर धरा. धीर धरा म्हणायला त्यांचं काय जातं!

ते मधले आठवडे कसे गेले ते माझं मला माहीत. सकाळी उठायचं, डबे करायचे, कॉलेजात जायचं, तोच धडा. जिभेवर चूल आणि करंजी, आणि डोक्यात सुनेचं पोट. घरी आलं की ती हसून पाणी आणून द्यायची आणि मी तिच्याकडं बघायचं टाळायची. मुलगा जिंतूरला नोकरीला, सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी यायचा. त्याला सांगावं वाटायचं, पण सांगून तो काय करणार होता? आणखी एक माणूस बेजार झालं असतं. मी इतकी थकले होते की झोप लागायची, पण उठल्यावर निजल्यासारखं वाटायचं नाही.

त्यातच कोंबडीच्या गर्भाचं प्रात्यक्षिक आलं. दुकानातली अंडी त्याला चालत नाहीत, त्यांत जीव नसतो. कोंबडा ज्या घरी आहे तिथली गावरान अंडी लागतात. ती आणायची, उबवणीच्या पेटीत ठेवायची आणि दीडेक दिवसानं फोडायची. मधेच लाईट गेली की पेटी गार, आणि आमच्याकडं लाईट जायला निमित्त लागत नाही. त्या वर्षी निम्मी अंडी वाया गेली. उरलेली पोरांनी फोडली, त्यातली बरीच पिवळ्यासकट टेबलावर सांडली. मी ओरडले, पुसून घेतलं, आणि शेवटी दोनच गर्भ नीट काचेवर आले.

सगळे गेल्यावर मी आवरत होते तर दारात सून. घराची किल्ली माझ्या पर्समध्ये राहिली होती, ती न्यायला आली होती. सूक्ष्मदर्शकाचा दिवा चालूच होता. "काय बघायलाव, आत्या?" म्हणत ती पुढं आली, आणि मी काही म्हणायच्या आत तिनं डोळा लावला.

खाली काचेवर पारदर्शक असा जीव, वरच्या बाजूला कडा चिकटून गेलेल्या, खालच्या बाजूला अजून उघड्या. मग तिनं विचारलं, "हे उघडं हाय ते मिटणार होतं?"

"हो. चार-सहा तासांत."

"ही कोंबडी उबवत असती तर तिला कळलं असतं?"

"तिला काय कळणार गं! ते आपलं आपण होतं."

"माणसाचं कधी मिटतं?"

हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं आणि उत्तर माझ्या ओठांवर असतं. मी म्हणाले, "वेगवेगळं असतं. चल, उशीर होतोय." आणि दिवा बंद केला. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि किल्ली घेऊन गेली. तेवढंच. परत तिनं कधी विषय काढला नाही, आणि मला वाटलं, सुटले.

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी. मुलाला सुट्टी मिळाली नाही म्हणून मीच गेले. तिथं गर्भलिंग निदान करत नाही अशी मोठी पाटी, खाली नातवंडांची वाट बघणाऱ्या बायांची रांग, पंखा गरगरतोय पण वारा नाही. तिचा नंबर आला तशी मी मागोमाग आत घुसले. तपासणारा डॉक्टर तरुण होता. पडद्याकडं बघत, माझ्याकडं मान न वळवता म्हणाला, "मावशी, मुलगा का मुलगी ते आम्ही सांगत नाही हं, आधीच सांगतो."

माझं डोकंच फिरलं. "अरे, कुणी विचारलंय तुला! पाठ बघ पाठ! पोराची का पोरीची, मला काय करायचंय, मणका मिटलाय का तेवढं सांग!"

तो दचकून वळला. सून आडवी पडल्या पडल्या छताकडं बघत होती, मुठी आवळलेल्या. त्यानं मग ते यंत्र पोटावर हळूहळू फिरवलं. मानेपासून खाली. पडद्यावर मणक्याच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन रांगा, शेजारी शेजारी. मी त्या रांगांवर डोळे लावून बसले. मागच्या वेळी खाली आल्यावर त्या फाकल्या होत्या. आता तो खाली आला, आणखी खाली आला. थांबला. परत वर गेला, परत आला. मग तो म्हणाला, "व्यवस्थित आहे. पूर्ण मिटलीय. डोकंही छान आहे."

मी भिंतीला टेकले. "अगं, मिटलीय," एवढंच मला म्हणता आलं. सून हसली नाही, रडली नाही. पोटावरचं ते चिकट पुसलं, साडी नीट केली आणि बाहेर येऊन चपला शोधायला लागली.

रिक्षात बसलो. मी पालमला फोन लावून सांगितलं, तर पलीकडून नुसते हुंदके. मुलाला सांगितलं. सगळ्यांना सांगून झालं तरी ही बाहेरच बघत होती. मला राहवेना. म्हणाले, "अगं, आता तरी बोल काहीतरी. जिवात जीव आला की नाही?"

"आत्या," ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुमी त्या दिवशी दिवा बंद केला ना, मी घरी जाऊन मोबाईलवर सगळं वाचलं. गोळ्या बंद केल्या त्याच दिवसांत मिटतं ते. तुमी भ्यायलाव ते दिसत होतं, म्हणून बोलले न्हाई."

एवढे आठवडे आम्ही दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो.

"याच्या वेळी मी एवढी मोठी चूक केली," ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "तरी याचं मिटलं. मग त्याचं का न्हाई मिटलं? त्या वेळी मी काय केलं होतं?"

मला धडा पाठ आहे. कितीतरी जनुकं त्या कामात असतात, एकाचं काम जरा उशिरा झालं, एक संकेत जरा कमी पडला, आहार, नशीब, सगळं मी सांगू शकले असते, फळ्यावर काढून दाखवू शकले असते. पण त्या एका बाळाच्या पाठीत, त्या एका दिवशी, नेमकं काय राहून गेलं?

"माहीत नाही गं," मी म्हणाले.

"तुमाला बी माहीत न्हाई?"

"नाही. मला नाही, डॉक्टरला नाही, कुणालाच नाही."

"तुमी एवढं शिकवता, तुमालाच माहीत न्हाई," ती हळू म्हणाली, "तर मग मला कुठून कळणार होतं?"

आणि तिला रडू फुटलं. दवाखान्यातून मोकळी होऊन आली तेव्हा रडली नव्हती, ते सगळं. असं मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, की रिक्षावाल्यानं गाडी कडेला घेतली आणि घाबरून विचारलं, "ताईचं काय झालं वो? परत दवाखान्यात घेऊ का?"

मी तिला जवळ ओढून घेतलं. "नको रे बाबा," म्हणाले, "तिचं बाळ गेलंय. रडू दे जरा."